काढ्याआधी ताट

मधुमेह निघाला ही बातमी घरात पोचली की तिच्यामागोमाग उपायही येतात. काकू भिजवलेल्या मेथीचं पाणी सांगतात, शेजारचे कारल्याचा रस सुचवतात, गावाकडून जांभळाच्या बियांची पूड येते, ऑफिसातलं कुणी गुळवेलीची कांडी आणून देतं. रक्तदाब असेल तर लसूण, गुडघे धरले असतील तर हळद आणि सुंठ. यातला प्रत्येक उपाय मायेनं दिलेला असतो, म्हणून त्याला नाही म्हणणं जड जातं. डॉक्टरांच्या खोलीत मात्र यातलं काहीच पोचत नाही. तिथे गर्दी असते, गोळ्या लिहिल्या जातात आणि आहाराबद्दल ‘गोड बंद, मीठ कमी, तेलकट नको’ एवढंच बोलणं होतं.

हा प्रश्न आता थोड्या घरांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के. चाळिशीत निदान झालेला माणूस पुढची तीस वर्षं या आजाराबरोबर काढणार असतो आणि वर्षाला हजारभर वेळा जेवणार असतो. त्या जेवणांत काय असावं आणि घरगुती उपायांतलं काय धरावं, काय सोडावं, याचा हा आढावा आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. स्वयंपाकघरात आजार आवरायची ताकद नक्की आहे, पण ती बहुतांशी रोजच्या ताटात आहे. सकाळच्या पेल्यातला काढा त्यात फार थोडी भर घालतो, आणि काही वेळा घातही करतो.

भारतीय माणूस अंगानं बारीक असूनही मधुमेही का होतो, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात हीच ठेवण नवजात बाळांमध्येही दिसली. बाळ वजनानं कमी, स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र राखून असलेलं. त्यामुळे ‘मी तर काटकुळा, मला कसली साखर’ हा दिलासा आपल्याकडे खोटा ठरतो, आणि वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर जास्त खरं सांगतो.

अशा शरीराला आपण काय वाढतो? संशोधन परिषदेच्या त्याच देशव्यापी पाहणीतून पुढे आलेल्या आहाराच्या विश्लेषणानुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर. प्रथिनं मात्र मोजकीच. सकाळी पोहे, मध्ये चहा-बिस्किट, दुपारी पोळी, भात आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री पुन्हा पोळी-भात: यात साखरेचा कणही नसला तरी दिवसभर रक्तात साखरच जात राहते. ‘मी गोड सोडलंय तरी शुगर उतरत नाही’ ही तक्रार इथून येते.

यावर सध्याचा आवडता उतारा म्हणजे ज्वारी-बाजरी-नाचणी. या धान्यांवर माझं प्रेम आहे, आणि ती आपल्या ताटातून गेली याचं दुःखही. एकेकाळी देशावर घरोघरी भाकरीच होती. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, पुढे रेशनचा गहू-तांदूळ स्वस्त आणि हमखास मिळू लागला, ज्वारीच्या रानात ऊस आणि सोयाबीन आलं. भाकरी थापायला लागणारा वेळ आणि हात दोन्ही कमी झाले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा मालदांडी ज्वारी शहरात चांगल्या भावानं विकली गेली. ही धान्यं परत येणं शेतीसाठी आणि पोटासाठी चांगलंच आहे. त्यांत चोथा जास्त असतो, नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. पण मधुमेहींनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वर सांगितलेल्या विश्लेषणात असंही दिसलं, की एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसतं पांढऱ्या धान्याच्या जागी अख्खा गहू किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळत नाही. धोका उतरतो तो कर्बोदकांचा काही भाग काढून तिथे डाळी, दूध-दही, अंडी, मासे अशी प्रथिनं आणली की. म्हणजे तीन पोळ्यांऐवजी तीन भाकरी खाऊन फारसं काही साधत नाही. एक भाकरी आणि वाटीभर जास्तीची मटकीची उसळ, यानं साधतं. नाचणीचं सत्त्व तर धान्य भिजवून, वाटून, गाळून चोथा काढलेलं असतं. त्याची दूध-गूळ घातलेली खीर मधुमेही माणसाला ‘पौष्टिक’ म्हणून देणं म्हणजे त्याच्या रक्तात साखर लवकर पोचवण्याची सोय करणं.

आपल्या ताटाची मांडणी मात्र मला अजून उपयोगी वाटते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मध्ये भात-पोळी. पदार्थ सगळे बरोबर आहेत, मापं बदलायची आहेत. डावीकडची चमचाभर कोशिंबीर वाटीभर व्हावी आणि लोणचं तिच्या जागी जावं. उजवीकडे पालेभाजी, डाळ किंवा उसळ वाढावी. मधला भात मुदीपुरता राहावा. पिठलं, झुणका, वालाचं बिरडं, मुगाचं घावन, ताकातली मेथी, कोकणातला माशाचा आणि तिरफळांचा साधा कालवण-भात, ज्यात कालवण जास्त आणि भात कमी, हे सगळं उत्तम मधुमेही जेवण आहे आणि त्यासाठी ऑनलाइन काही मागवावं लागत नाही. खाण्याचा क्रमही महत्त्वाचा. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एका छोट्या अभ्यासात दाखवलं, की तेच जेवण भाज्या आणि प्रथिनं आधी आणि भात-ब्रेड शेवटी अशा क्रमानं घेतलं तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढते. तेव्हा आधी कोशिंबीर आणि उसळ खावी, भाकरी मागाहून घ्यावी.

शतपावलीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेहींवर केलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एका टप्प्यात त्यांना दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं चालायला सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. एकूण चालणं सारखंच. तरी जेवणानंतर चालल्यावर जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे सगळ्यात कर्बोदकबहुल आणि सगळ्यात उशिरा होणारं जेवण रात्रीचंच. जेवून टीव्हीसमोर बसण्याची सवय मोडून गच्चीवर, गल्लीत, घरातल्या घरात दहा मिनिटं फेऱ्या मारणं, हा मला ठाऊक असलेला सगळ्यात स्वस्त घरगुती उपाय आहे. याला पैसे लागत नाहीत, आणि बहुतेकांना त्यापासून काही अपायही नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या आजाराच्या, रुग्णाला शंभर किंवा अधिक योजनं पायी चालायला आणि विहीर खणायला सांगितलं आहे. चरकसंहितेत जव आणि मूग यांवर भर आहे. आयुर्वेदाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर हे श्रमाचं आणि साध्या अन्नाचं पथ्य क्वचितच छापलेलं दिसतं.

वजन उतरवण्याचा मुद्दा वेगळा मांडायला हवा, कारण तिथे पुरावा सर्वांत ठोस आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत, जिचे पहिले निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस आले, रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला ८५० च्या आतबाहेर उष्मांकांवर ठेवून नंतर हळूहळू अन्नावर आणलं. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. मात्र दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं आणि पाच वर्षांनंतर त्याहून बरंच खाली. वजन परत आलं की आजारही परत आला. महाराष्ट्रात याच सुमारास दिवसातून दोनदाच जेवायची, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत घराघरांत पोचली, आणि दुसरीकडे थोडं थोडं, वारंवार, घरचं आणि तुपासकट खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकरांचं म्हणणंही. जेवणाच्या टेबलांवर वाद झडले. मला वाटतं, दोघांनीही लोकांना चहा-बिस्किटांच्या अखंड चक्रातून बाहेर पडायला भाग पाडलं, हे त्यांचं मोठं काम. ज्याला जी पद्धत दहा वर्षं निभेल ती त्याची. पण एक इशारा दोन्ही बाजूंना लागू आहे. इन्शुलिन घेणाऱ्यानं, किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यानं जेवणं एकदम कमी केली आणि औषधाचं प्रमाण तेच ठेवलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेलं बोलणं ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत आणि खिशात साखरेची पुडी हवी. लहान मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या टाइप १ मधुमेहात तर इन्शुलिनला पर्याय नाही. कुठल्याही आहाराच्या किंवा जडीबुटीच्या भरवशावर ते थांबवणं म्हणजे काही दिवसांत जिवावर बेतणं.

आता पेल्याकडे वळू. मेथीपासून सुरुवात करते, कारण तिच्यामागे खरोखर काम झालं आहे, आणि तेही आपल्याच देशात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९९० मध्ये टाइप १ मधुमेहींना रोज १०० ग्रॅम मेथीपूड, तेल काढून टाकलेली, दोन जेवणांत विभागून दिली. लघवीतून जाणारी साखर निम्म्याहून कमी झाली, उपाशीपोटीची साखरही उतरली. पुढच्या अभ्यासांत २५ ग्रॅमपर्यंत मात्रा कमी करून टाइप २ मध्येही काही फायदा दिसला. हे काम मुख्यतः मेथीतला चिकट, विरघळणारा चोथा करतो. तो आतड्यात साखरेचं शोषण संथ करतो. आपण घरी काय करतो? चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम मेथी रात्री भिजवतो, सकाळी पाणी पितो आणि दाणे टाकून देतो. म्हणजे कामाचा भाग कचऱ्यात जातो. मेथी घ्यायची तर दाण्यांसकट घ्यावी, मोड आणून उसळीत घालावी, पिठात दळावी, आणि ती अन्न म्हणून घ्यावी. तिच्या भरवशावर गोळी सोडू नये.

कारल्याची स्थिती वेगळी. जगभरच्या चाचण्या पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१२ मध्ये कारल्यावरच्या चार चाचण्या, एकूण ४७९ रुग्ण, तपासल्या आणि मधुमेहासाठी ते वापरावं असा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी दालचिनीच्या दहा चाचण्या पाहून निष्कर्ष तोच निघाला. दालचिनीबद्दल तर आणखी एक काळजी आहे. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुधा कॅसिया जातीची जाडी साल. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं आणि ते रोज चमच्यांनी पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास देतं. मसाल्यात घातलेल्या तुकड्याची चिंता नको. रोजच्या चमचाभर पुडीची करावी. जांभळाच्या बियांबद्दल शेकडो वर्षांची ख्याती आहे, पण माणसांवरचा भरवशाचा पुरावा तोकडा आहे. जांभूळ हंगामात खावं, चवीसाठी खावं. कारल्याची भाजी आवडत असेल तर जरूर खावी. ती कमी कर्बोदकांची चांगली भाजी आहे. औषध म्हणून तिच्यावर विसंबू मात्र नये.

वनस्पतींत औषध नसतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. आज टाइप २ मधुमेहाची जगातली सर्वाधिक वापरली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, हिचं मूळ गलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपीय रोपात आहे. ते तिकडे जुन्या काळापासून घरगुती औषधात होतं. त्यातलं मूळ द्रव्य विषारी निघालं, गुरं ते खाऊन मरत. मग त्याचे सौम्य प्रकार प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोपापासून गोळीपर्यंतच्या या प्रवासात मात्रा ठरली, अपाय मोजले गेले, कुणाला देऊ नये हेही कळलं. घरच्या काढ्याच्या बाबतीत हा प्रवास झालेला नसतो. ज्या पदार्थात गुण देण्याइतका दम आहे, त्यात अपाय करण्याइतकाही असू शकतो, हे आपण विसरतो.

दुधीचा रस हे त्याचं सर्वांत क्लेशदायक उदाहरण. २०१० मध्ये दिल्लीत मधुमेहासाठी रोज दुधीचा रस घेणाऱ्या एका शास्त्रज्ञांचा कडू रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. काकडी-दुधी वर्गातल्या भाज्यांत कधीकधी क्युकरबिटासिन ही कडू विषारी द्रव्यं वाढतात. उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं असे परिणाम होतात आणि त्यावर उतारा नाही. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर टाकून द्या, दुसऱ्या रसांत मिसळू नका. आपल्या आज्या काकडी चिरताना टोक चाखून बघत, ते याचसाठी. कडू ते औषधी, या समजुतीनं ती सवय पुसून टाकली.

कोविडच्या काळात गुळवेल दारोदारी पोचली. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातले यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, आणि २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. अनेकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची चिन्हं होती. आयुष मंत्रालयानं या निष्कर्षाला हरकत घेतली आणि दुसऱ्या जातीची वेल चुकून वापरली गेली असावी असं म्हटलं. माझ्या मते ही हरकत मान्य केली तरी रुग्णासाठी धोका कमी होत नाही. कुंपणावरची वेल कुठल्या जातीची हे पारखणार कोण? ज्याला थायरॉइड, संधिवात किंवा यकृताचा ऑटोइम्यून आजार आहे त्यानं ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये. हळदीचंही तसंच. आमटीतली हळद निर्धोक आहे. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सुली मात्र वेगळी वस्तू आहे. २०१९ मध्ये इटलीत अशा कॅप्सुलींनंतर यकृतदाहाचे अनेक रुग्ण नोंदले गेले. ज्येष्ठमध घसा बसला की दोन दिवस चघळणं ठीक. पण रोज घेतला तर तो अंगात पाणी-मीठ धरून ठेवतो, पोटॅशियम उतरवतो आणि रक्तदाब चढवतो. रक्तदाबाचा रुग्ण आणि रोजचा ज्येष्ठमधाचा काढा ही जोडी अपायाचीच.

भस्मं आणि पुड्यांबद्दल इतकंच सांगते. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली, दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि हा अभ्यास २००४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. लेबल नसलेली पुडी, ‘मधुमेह मुळापासून’ असं सांगणारी, कितीही विश्वासू माणसानं दिली तरी घेऊ नये. तिच्यामुळे साखर झपाट्यानं उतरली तर तिच्यात ॲलोपॅथीची गोळीच कुटून घातलेली असण्याची शक्यता असते. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई आहे, तरी एसटी स्टँडच्या भिंती आणि मोबाइलचे पडदे अशा जाहिरातींनी भरलेले आहेत.

याच्या उलट, प्रामाणिकपणे मोजून पाहिलेलं कामही आपल्याकडे आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेचे ४४० रुग्ण घेऊन सुंठ, गुळवेल, आवळा आणि शल्लकी यांच्या अर्कांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या औषधांशी केली. चोवीस आठवड्यांनी दुखणं कमी करण्यात दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. निष्कर्ष २०१३ मध्ये आले, आणि त्यांत हेही नोंदलेलं होतं, की आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांच्या यकृताची एक चाचणी वाढली, त्यांना चाचणीतून बाहेर काढलं आणि औषध थांबल्यावर ती पूर्ववत झाली. गुण आणि अपाय एकाच कागदावर लिहिणं, एवढीच अपेक्षा प्रत्येक घरगुती उपायाकडून ठेवायला हवी.

रक्तदाबासाठी लसणापेक्षा मिठाचा डबा महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, भारतीय सरासरी सुमारे ८ ग्रॅम आहे. आमटीत चिमूटभर कमी घालून भागत नाही, कारण मीठ लोणच्यात, पापडात, चटणीत, फरसाणात, खारात, सुक्या मासळीत, पावात आणि बिस्किटातही असतं. सैंधव घेतलं की चालतं हा गैरसमज मोठा आहे. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, शिवाय बरेचदा त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. कमी सोडियमचं, पोटॅशियम मिसळलेलं मीठ मात्र खरोखर उपयोगी आहे. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठामुळे पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण हेच मीठ मूत्रपिंड अधू असलेल्यांसाठी, किंवा पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी घातक ठरू शकतं.

मूत्रपिंडाचा आजार जडला की आरोग्यदायी आहाराचे बहुतेक धडे उलटे होतात, आणि इथेच घरच्यांची सर्वांत जास्त फसगत होते. शहाळ्याचं पाणी, केळी, संत्र्याचा रस, पालेभाज्यांचं सूप ही आजारी माणसासाठी प्रेमानं केलेली यादी. पण मूत्रपिंडं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नसतील तर तेच पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. एका मोठ्या शहाळ्यात सहज ५००-६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. अशा रुग्णासाठी भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावं लागतं. एरवी जीवनसत्त्वं जातात म्हणून आपण जे टाळतो, नेमकं तेच. प्रथिनांचंही तसंच. डायलिसिस सुरू होण्याआधी वजनाच्या दर किलोला ०.६ ते ०.८ ग्रॅम एवढीच प्रथिनं घ्यायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की १ ते १.२ ग्रॅम. एकाच माणसाचं पथ्य एका महिन्यात फिरतं, आणि जुन्या सांगण्यावर चाललेली कुटुंबं रुग्णाला नकळत उपाशी ठेवतात. कोकणात-गोव्यात अंगणात असणारं करमळ, ज्याला बाजारात स्टारफ्रूट म्हणतात, ते तर या रुग्णांनी तोंडातही घालू नये. त्यातलं एक द्रव्य अधू मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम करतं. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके आणि मृत्यूही नोंदले गेले आहेत. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे द्रव्य वेगळं काढलं.

थायरॉइडबद्दल घरात एक साधी गोष्ट पाळली तरी पुष्कळ. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-कॉफी-नाश्ता निदान अर्ध्या तासानं. कॅल्शियम, लोह आणि इसबगोल त्यापासून चार तास लांब. डोस वाढत चाललेले अनेक रुग्ण गोळी चहाबरोबर घेत असतात.

मेटफॉर्मिनबद्दलही एक सांगायला हवं. वर्षानुवर्षं घेतली तर ती ब-१२ जीवनसत्त्वाचं शोषण कमी करते. आपल्याकडे ते आधीच तोकडं असतं. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या याज्ञिक यांच्या २००६ च्या अभ्यासात ६७ टक्के लोकांत ब-१२ कमी आढळलं होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. तळपायाला मुंग्या येतात, त्या मधुमेहाच्या म्हणून सोडून दिल्या जातात, आणि खरं कारण कधीकधी हे निघतं. शाकाहारी मधुमेहींनी दूध-दही रोज घ्यावं आणि वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्यावी.

उपवासाचा प्रश्न आमच्या आया-बहिणींचा जास्त आहे. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ शुद्ध स्टार्च. खिचडीला शेंगदाणे असतात म्हणून थोडं सावरतं. एकादशीला, चतुर्थीला, नवरात्रात इन्शुलिन घेणाऱ्या बायका सकाळपासून उपाशी राहतात आणि संध्याकाळी साबुदाणा, वरी, बटाटा, रताळं असं एकदम खातात. उपवास सोडा म्हणून कुणी ऐकत नाही, आणि तसं सांगायचा हक्क मी स्वतःकडे घेत नाही. पण दही, शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर असा उपवास करता येतो, आणि औषधाची वेळ-मात्रा आधी डॉक्टरांशी बोलून बदलता येते.

इथेच मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट येते. घरात पुरुष मधुमेही झाला तर त्याच्यासाठी वेगळी भाकरी थापली जाते, वेगळी भाजी होते, चहात साखर नसते. बाई मधुमेही झाली तर ती सगळ्यांसाठी पोळ्या लाटते आणि शेवटी उरलेला भात, कालची पोळी आणि तळाची आमटी खाते. उसळीतली मटकी तोवर संपलेली असते. तिला दिलेला आहारतक्ता दारामागे चिकटलेला राहतो. वेगळं पथ्य एका माणसाला वर्षभरही निभत नाही, ते सगळ्या घराचं व्हावं लागतं: सगळ्यांच्या ताटात कोशिंबीर, सगळ्यांच्या आमटीत मीठ कमी, आणि ती बाई सगळ्यांबरोबर बसून जेवते आहे, असं. पैशाचा अडसर खरा आहे. बदाम-ओट्स-ऑलिव्ह तेलाच्या याद्या गरीब घरासाठी निरुपयोगी. पण हरभरे, मटकी, कुळीथ, शेवग्याचा पाला, ताक, अंडी आणि मिळत असतील तिथे बांगडे-तारली यांवर उत्तम पथ्य पाळता येतं.

सरकारी आरोग्यव्यवस्थेत गावोगावच्या आशाताई तिशीपुढच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि घराण्यातले आजार विचारतात. त्यातच आणखी दोन ओळी घालाव्यात असं मला फार वाटतं. घरात कुठला काढा, रस, पूड किंवा भस्म चालू आहे? आणि घरातली बाई कधी आणि काय जेवते? ही उत्तरं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या टेबलावर पोचली, तर गुळवेलीनं बिघडलेलं यकृत आणि उपाशी राहून घेतलेलं इन्शुलिन दोन्ही वेळेत कळतील. तोवर रुग्णानंच पुढाकार घ्यावा. पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ती मेथीची, कारल्याची आणि बिनलेबलाची पुडीही पिशवीत घालून न्यावी आणि डॉक्टरांसमोर ठेवावी.